ठसका न लागणारी वस्ती

आमच्या गावात खोकणाऱ्या माणसाला काय झालं म्हणून कुणी विचारत नाही. हिवाळा लागला की नंदुरबारभोवती मिरचीच्या पथाऱ्या पडतात, म्हणजे मोकळ्या रानात नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली असते. स्टेशनवर उतरलेला पाहुणा रिक्षात बसेपर्यंत शिंकून शिंकून बेजार होतो आणि आम्ही हसतो. त्यात थोडा माजच असतो. पाहुण्याच्या डोळ्यांना पाणी आलं नाही, तर यंदा मिरचीत दम नाही की काय अशी शंका येते.

माझं माहेरच मिरचीचं. वडील व्यापार करायचे, आता थोरला भाऊ करतो. मी एका दैनिकाची जिल्हा प्रतिनिधी. बातम्यांसाठी गावभर हिंडणं हे भावाच्या लेखी काम नाही, खोड आहे. तरी दुपारच्या चहाला मी त्याच्या पथारीवर हजर असते. तिथे बायका घोळक्याने बसून मिरचीचे देठ खुडतात, आणि जिल्ह्यात काय शिजतंय ते मला कलेक्टर कचेरीच्या आधी त्यांच्यात बसून कळतं.

पथारीच्या पलीकडे, नाला ओलांडला की एक कारखाना आहे. जुने टायर भट्टीत वितळवून तेल काढतात तिथे. दुपारभर त्याचं धुराडं शहाण्यासारखं असतं. उन्हं कलली की काळं ओकायला लागतं. त्यातली थोडी काजळी आमच्या मिरचीवर येते, पण बाकीचा सगळा धूर वारा मागच्या वस्तीवर नेऊन सोडतो. सातपुड्यातून मजुरीला उतरलेली माणसं तिथे राहतात. पत्र्याची घरं, मधे एक हापसा, आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे, जे धुण्याआधी जेवढे काळे असतात त्याहून वाळल्यावर जास्त.

त्या वस्तीतली एक बाई भावाकडे खुडणीला यायची. तोरणमाळच्या अंगाची, घरी पावरी बोलणारी, पण आमच्यात राहून अहिराणी अशी शिकलेली की टोमणा मारण्यात भल्याभल्यांना ऐकायची नाही. एका दुपारी तिने मुलीला सोबत आणलं होतं. तिसरीतली पोर, गोणपाटावर बसून श्वास घेत होती. दुसरं काही करण्याइतकी ताकदच तिच्यात उरली नव्हती. खांदे वर ओढलेले, गळ्याखालचा खळगा आत जाणारा, छातीतून बारीक शिट्टी.

"दवाखान्यात नेलंस का?" मी तिच्या आईला विचारलं.

"दखाडं ना ताई. मिरचीना ठसका शे, म्हणे डाक्टर."

"पण ही तर आज पहिल्यांदा दिसतेय मला इथे."

"पोर मिरचीकडे येसच नही. शाळा आणि घर, बस." हातातलं खुडणं न थांबवता ती म्हणाली, "मी घर जास ते मन्हा लुगडावर मिरची येस, म्हणे. त्यानाच ठसका."

मला तिडीक आली. मिरचीच्या गावात डॉक्टरचं काम फार सोपं असतं. खोकला आला, मिरची. दम लागला, मिरची. डोळे लाल, मिरची. आईच्या पदराला लागलेल्या मिरचीने पोरीची छाती अशी वाजत असेल, तर मग आमच्या घरातलं एकही मूल मोठं झालं नसतं. मी आणि भाऊ तर पोत्यांवर झोपायचो.

"संध्याकाळी वस्तीवर या," बाई म्हणाली. "शेजारनी आज नजर उतारी दी ऱ्हायनी. डाक्टर काही करत नही, मंग नजरच व्हई."

मी गेले. नजर उतरवण्यावर माझा विश्वास नाही, पण त्यावरून वस्तीत जाऊन व्याख्यान देणाऱ्यांवर त्याहून कमी आहे. दिवेलागण होत होती. धुराड्याचा पट्टा वस्तीवर उतरला होता आणि जळक्या रबराच्या वासाने माझं डोकं उठलं होतं. शेजारीण म्हातारी, अनुभवी. तिने मुलीला चुलीसमोर बसवलं, मूठभर सुक्या मिरच्या, मीठ आणि राई तिच्यावरून ओवाळली, पायाखालची माती घेतली आणि सगळं चुलीत टाकलं.

आमच्याकडे याचा एक नियम आहे, लहान मूलही सांगेल. मिरच्या जळताना घरातल्यांना ठसका लागला, तर नजरबिजर काही नाही. ठसका लागलाच नाही, तर नजर लागलेली होती. जितकी शांतता, तितकी नजर जबरी.

मिरच्या तडतडल्या आणि मी अक्षरशः घराबाहेर पळाले. घशात कुणीतरी कानस घातल्यासारखं झालं. नाल्याच्या काठाशी वाकून मी खोकत राहिले, नाकातोंडातून पाणी. डोळे पुसत परत दारात आले तर आत माणसं निवांत बसलेली. म्हातारी, आई, मुलगी, दारात जमलेल्या चारदोन बाया. कुणी साधं नाकसुद्धा ओढत नव्हतं.

"देखा," म्हातारी गंभीरपणे म्हणाली, "ठसका लागना का कोणले? लई भारी नजर लागेल शे पोरले."

"अहो, मला लागला ना!"

सगळ्या हसल्या. "तुमले लागनाच. तुम्ही बाहेरना." म्हातारीने माझा विषय तिथेच मिटवला. मुलीच्या आईने पोरीला जवळ ओढलं आणि तिचं कपाळ कुरवाळलं. पुढच्या अमावास्येला पुन्हा उतरवायची असं ठरलं. आईच्या चेहऱ्यावर मला चक्क दिलासा दिसला. दुखण्याला नाव सापडलं होतं.

मी घरी आले ती अस्वस्थ होऊनच. जळत्या मिरचीचा ठसका न लागणारं माणूस मी पाहिलेलं नाही. आमच्या घरात फोडणीत एक मिरची करपली तरी भाऊ पंखा लावा म्हणून ओरडतो, आणि त्याचं उभं आयुष्य मिरचीत गेलंय. मग त्या घरात बसलेल्या सगळ्यांच्या नाकाघशाला झालं काय होतं? आणि सगळ्यात भीती वाटली ती याची, की त्यांच्या मते ही धुराची नव्हे, नजरेची खूण होती. धूर जितका नाक मारणार, तितकी नजर भारी ठरणार, तितक्या अमावास्या पोर त्याच घरात बसून राहणार. असं चक्र मी कधी पाहिलं नव्हतं. त्याचा मला राग आला, आणि राग काढावा असं तिथे कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एक वेडेपणा केला. हिंग, ठेचलेला लसूण, रॉकेलचा बोळा आणि जुन्या बाजारातल्या अत्तरवाल्याकडचं मोगऱ्याचं थोडं अत्तर, अशा चार डब्या घेऊन पथारीवर गेले. खुडणाऱ्या बायांना पदराने डोळे झाकायला लावले आणि एकेक डबी नाकाशी धरली. खिदळत खिदळत सगळ्या बसल्या. दुसऱ्या वस्त्यांमधून येणाऱ्या बायांनी रॉकेलला तोंड वेडंवाकडं केलं, मोगऱ्याला माझी थट्टा केली, "कोणासाठी लाया व्हयी ताईनी!" कारखान्यामागच्या वस्तीतल्या बायांची पाळी आली तसं हसणं विरत गेलं. एकीने हिंगाला माती म्हटलं. एकीला लसणाचा काहीच पत्ता लागला नाही. मुलीच्या आईच्या नाकाशी मी रॉकेल धरलं. तिने दोनदा जोरात वास घेतला आणि म्हणाली, "पाणी शे."

या सगळ्या एकाच ढिगावर बसून एकच मिरची खुडत होत्या. फरक होता तो घरी जाण्याच्या वाटेचा.

गावातल्या छातीच्या डॉक्टरांकडे गेले. जुने, सावध, चष्म्यावरून बघणारे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या हिंगाच्या डबीवर मी काही लिहून देणार नाही. नाक सर्दीने जातं, तंबाखूने जातं, वयानेही जातं." माझा चेहरा पडलेला पाहून पुढे म्हणाले, "पण पोरीला आधी त्या धुरातून हलवा. औषध नंतर. हे माझ्या तोंडचं म्हणून छापा हवं तर."

मी ते त्याच संध्याकाळी मुलीच्या आईला सांगितलं. ती हो हो म्हणाली. शेजारणीने अमावास्येची मिरची आधीच बांधून ठेवली होती.

कारखान्याच्या मॅनेजरने मला चहा पाजला. सुसंस्कृत माणूस. नाकासमोरच्या काजळीबद्दल मी विचारलं तेव्हा तो आपुलकीने हसला. "मॅडम, या गावात खोकायला कारखाना कशाला लागतो?" खरं सांगते, वाक्य चांगलं होतं. मलाच सुचलं असतं तर मी छापलं असतं. तपासणीची गाडी आली होती, त्याने सांगितलं, हवेत काही सापडलं नाही. वस्तीतल्या लोकांनीही तेच सांगितलं, फक्त एक भर घालून: गाडी आली त्या दिवशी भट्टी थंड होती. मी धुराड्याचे फोटो रोज एकाच जागेवरून, नाल्याच्या पुलावरून काढत राहिले. दुपारचे आणि उन्हं कलल्यानंतरचे. शेजारी शेजारी ठेवले की शेंबडं पोरही सांगेल.

मग भावाने मला गाठलं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की मी मिरचीवरची काजळी पण फोटोत घेतलीय.

"मन्ही मिरचीवर काजळी पडस, हाई मले बी माहीत शे," तो आवाज खाली आणून म्हणाला. आवाज चढवतो तेव्हा मी त्याला भीत नाही, खाली आणतो तेव्हा भिते. "पण तू हाई छापशी ते मन्ही मिरची कोण लेई? मंग मी पथारी उचलसु आणि दुसरीकडे टाकसु. आठल्या, या नालावरल्या बाया आठेच ऱ्हातीन, बिनकामना."

तेच बाई म्हणाली, वेगळ्या शब्दांत. "धूरनं लिखा ताई, खुशाल लिखा. मिरचीनं लिखू नका. मिरची गयी ते आम्ही काय खाऊत?"

मी धुराचं लिहिलं. वस्तीतली पोरं, न लागणारा ठसका, चार डब्या, डॉक्टरांचं म्हणणं, पुलावरचे फोटो. जिवाचं रान करून लिहिलं. उपसंपादकाचा फोन आला. तरुण, हुशार, पुण्यात वाढलेला. "मॅडम, छान आहे, पण त्या वस्तीत आपला वाचक कोण राहतो हो? याच काजळीत तुमच्याकडची मिरची वाळते ना? ती शहरातल्या प्रत्येक घरात जाते. त्यावर करा, पहिल्या पानावर लावतो."

म्हणजे काजळी पोरीच्या छातीत गेली तर आतलं पान, आणि तिखटाच्या डब्यात गेली तर पहिलं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचं चुकतही नव्हतं, हे जास्त झोंबलं. पहिल्या पानावर आलं असतं तर कदाचित भट्टी कायमची विझली असती. आणि पथारीही उठली असती. मी मिरचीचा शब्द येऊ दिला नाही. बातमी आतल्या पानावर, शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या खाली आली. योग्य केलं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

कारखाना काही दिवस बंद राहिला. मग धुराड्याची उंची वाढवली, नारळ फुटला, आणि धूर पुन्हा सुरू झाला. आता तो जरा लांबून वळसा घेऊन वस्तीवर उतरतो.

एवढंच घडलं असतं, तर मी हात टेकले असते. पण एका दुपारी बाई पथारीवर आली ती बातमीचं कात्रण पोलक्यात घडी घालून. तिने ते कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. पोरीला घेऊन ती माहेरी निघाली होती, वर, तोरणमाळच्या बाजूला. पोरीला आजीकडे ठेवून परत येणार होती.

"डाक्टरनी सांगं ना, धूरमातून काढा म्हणीसन. पेपरमा उनं ते खरंच व्हई."

"अगं बाई, मी तुले हाईच सांगेल व्हतं ना!" माझ्या तोंडातून माहेरची बोली सुटली.

"तुम्ही सांगेल व्हतं," ती शांतपणे म्हणाली. "पण तुम्ही ते बठ्ठंच सांगतस, सगळंच."

पथारीवरच्या सगळ्या बाया फिस्सकन हसल्या, भाऊसुद्धा. मी पण हसले. इतकी वर्षं बातमीदारी केली, पण आतल्या पानावरच्या कोपऱ्याने असं काम केलेलं पहिल्यांदा पाहत होते. घरी येऊन मात्र रडू आलं. पोर निघाली होती, आई परत येणार होती. काम इथे होतं.

पावसाळा सरल्यावर, मिरची पुन्हा यायच्या तोंडावर, ती पोरीला भेटायला जाणार होती. मी म्हटलं, मीपण येते. शहादा, म्हसावद, मग जीप. घाटात जीपचं इंजिन धापा टाकायला लागलं तशी ती बाहेर डोकं काढून बघत राहिली. इतक्या सुखात मी तिला कधी पाहिलं नव्हतं. वरची हवा नाकात शिरली आणि मला गवताचा, ओल्या मातीचा, शेणाचा वास आला. मी म्हटलं, काय वास येतोय गं! ती म्हणाली, "येत व्हई."

पाड्यावरचं घर उतारावर होतं. आम्ही दिसताच पोर धावत सुटली. मी तिला धावताना आधी कधी पाहिलंच नव्हतं. वाटेतलं कुंपण तिने उडी मारून ओलांडलं, तोंडाने अखंड काहीतरी ओरडत. धावताना ओरडायला श्वास पुरतो तिला! माझे डोळे भरून आले. आईने दोन्ही हात पसरले.

पोर हातभरावर येऊन थबकली. नाक आक्रसलं. एक पाऊल मागे सरली, आणि पावरीत काहीतरी बोलून आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. आजी तिला दटावू लागली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

बाई हसत होती, पण हात अजून पसरलेलेच होते. "म्हणस, तुन्हा वास येस." तिने पदर नाकाशी नेला. पुन्हा नेला. बाही हुंगली, तळहात हुंगले. मग माझ्याकडे वळली. "येस का ताई? खरं सांगा."

येत होता. जीपमध्ये सगळी वाट माझ्या शेजारी तो जळक्या रबराचा वास बसून आला होता. तिच्या केसांत होता, लुगड्याच्या घडीत होता. मला वाटलं होतं तो जीपचा.

ती खाली झऱ्यावर गेली. मी बांधावर बसून बघत होते. तिने केस धुतले, राखेने हात घासले, लुगडं दगडावर आपटून आपटून धुतलं, आपल्या आईचं जुनेर नेसली. बराच वेळ लागला. पोर लांबून बघत होती. मग ती ओल्या केसांनी वर आली आणि माझ्यासमोर मान खाली घालून उभी राहिली.

"आते देखा. तुमले कळस. मले काही कळत नही."

मी तिच्या केसांजवळ नाक नेलं. राखेचा वास होता, पाण्याचा होता, आणि त्यांच्या खाली अजून तोच होता. मी म्हटलं, "नाही येत आता."

तिचा चेहरा उजळला. तिने खाली बसून पुन्हा हात पसरले. पोर आजीच्या मागून बाहेर आली, हळूहळू चालत. जवळ येताना तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलंय हे मला कळलं. तिने मोठा श्वास भरून घेतला, गाल फुगवले, ओठ घट्ट मिटले आणि आईच्या गळ्यात पडली.

आईने डोळे मिटून तिला घट्ट धरून ठेवलं, सोडतच नव्हती. "गया ना वास?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. पोर श्वास रोखून मान डोलवत होती.